सोसायटीची भिंत आणि तिच्यातले फाटक

ओढ्याकाठी (धागाकर्ती; या ऑनलाइन चर्चेत सगळे टोपणनावाने लिहितात)

आमची सोसायटी पुण्यात पर्वतीच्या दक्षिणेला, आंबील ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. १९८९ साली बांधलेल्या सहा इमारती, मागच्या बाजूला आठ फूट उंचीची दगडी सीमाभिंत आणि भिंतीला लागून पलीकडे वस्ती, अशी इथली रचना आहे. भिंतीत एक लहान लोखंडी फाटक आहे. एका वेळी एकच माणूस, तोही थोडा वाकून, जाऊ शकेल एवढेच ते आहे. उंबऱ्याच्या जागी शहाबादी फरशीचा तुकडा बसवलेला आहे. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्याने त्याच्या मधोमध खळगा पडला आहे आणि पावसाळ्यात तेवढ्या भागात पाणी साचून राहते. हे फाटक विटांनी कायमचे बुजवावे, असा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. त्यामुळे गेले काही दिवस मी अस्वस्थ आहे आणि आपणा सर्वांशी बोलावेसे वाटते.

सकाळी साडेसहाला फाटक उघडते, तेव्हा बाहेर दहाबारा जणी उभ्या असतात. कोणी पोळ्या करायला येते, कोणी धुणीभांडी करते, कोणी आजारी माणसाची आंघोळ उरकून देते. त्यांच्या मागून गाड्या पुसणारी मुले येतात, इस्त्रीचे गाठोडे घेऊन जाणारे काका येतात, ओला-सुका कचरा उचलणाऱ्या दोघी बहिणी येतात. फाटक बुजवले, तर या सगळ्यांना वस्तीच्या तोंडाशी असलेल्या रस्त्याने फिरून, मुख्य चौक ओलांडून, सव्वा किलोमीटर चालत आमच्या पुढच्या दारापर्यंत यावे लागेल. पाच घरची कामे धरलेली बाई दुपारी स्वतःच्या घरी जाऊन मुलांना जेवायला वाढून परत येते. तिचे ते जाणे बंद होईल.

माझे म्हणणे एवढेच आहे की वस्ती आमच्या शेजारी चुकून आलेली नाही. ज्या गवंड्यांनी आणि बिगाऱ्यांनी आमच्या इमारती बांधल्या, त्यांच्यातलीच काही कुटुंबे काम संपल्यावर मागे राहिली. पुढे त्यांच्या बायकांना आमच्याच घरांत कामे मिळाली. आमची सोसायटी नसती तर ती वस्ती तिथे नसती, आणि ती वस्ती नसती तर आमच्यापैकी अनेक नवराबायको दोघेही नोकरी करू शकले नसते. हे फाटक म्हणजे त्या संबंधाची एकमेव उघड कबुली आहे, आणि आम्ही तीच बुजवायला निघालो आहोत.

तुमच्या शहरात, तुमच्या भागात, अशा दोन वस्त्यांच्या सीमेवर काय आहे? भिंत आहे, नाला आहे, रस्ता आहे, की काहीच नाही? आणि ते तिथे कसे आले?

गिरणगावकर

आमच्याकडे गोष्ट उलटी आहे. लोअर परळला आम्ही आधीपासून होतो, भिंत नंतर आली.

माझे आजोबा रत्नागिरीहून येऊन गिरणीत साच्यावर (मागावर) लागले. एका खोलीत गावचे नऊ जण पाळीपाळीने झोपत. गिरणीचा भोंगा, खानावळ, भजनी मंडळ, गणपतीचा मंडप हे सगळे दहा मिनिटांच्या चालीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. तो संप अधिकृतपणे मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. गिरण्या एकेक करून थांबत गेल्या.

मुंबईत एकंदर ५८ गिरण्या होत्या आणि त्यांच्याखालची जमीन सुमारे ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ठरवले होते की गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच राहिली. गिरणीचे बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीन तिच्यातून वगळली गेली. गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळी जमीन असणार ती किती? मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. माझ्या मते आमच्या भागातील भिंत त्या दुरुस्तीने बांधली. विटा नंतर आल्या.

आज आमच्या चाळीच्या गॅलरीत उभे राहिले की समोर काचेचा मनोरा दिसतो. दुपारी तीननंतर त्याची सावली चाळीवर पडते. आई पापड वाळत घालायची ती गच्चीची बाजू आता उन्हाची राहिली नाही, हे कोणाच्या नियमावलीत बसणारे नुकसान नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो. मनोऱ्यातील माणसे वाईट आहेत असे मला अजिबात म्हणायचे नाही. त्यांची माझी भेटच होत नाही. ती तळघरातून गाडीने निघतात आणि उड्डाणपुलावर चढतात. मी पदपथाने स्थानकाकडे जातो. गिरण्यांच्या जागी झालेल्या सर्व कार्यालयांत कामाला येणारी हजारो माणसे गिरणी कामगारांच्या काळच्याच अरुंद पुलांवरून उतरत राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसे चेंगरून मेली. त्यात चाळीतले कोण आणि कचेरीतले कोण, असा भेद त्या गर्दीने केला नाही. इमारतींची उंची वाढवायला परवानगी मिळाली आणि जिना तेवढाच राहिला, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले.

तुमचे फाटक बुजवू देऊ नका. आमच्याकडे बुजवण्यासारखे फाटकही नाही.

सकाळची फेरी

धागाकर्तीच्या भावना मला समजतात, पण दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी. मी ७४ वर्षांचा आहे. पत्नी जाऊन सहा वर्षे झाली, मुलगा परदेशी आहे आणि मी तळमजल्यावर एकटा राहतो. आमच्या सोसायटीलाही असेच मागचे दार होते. दोन वर्षांपूर्वी भरदुपारी माझ्या घरात चोरी झाली. चोर कोण होता ते आजतागायत कळलेले नाही आणि तो वस्तीतला होता असे मी कधीही म्हटलेले नाही. पण त्यानंतर तीन महिने मी दुपारी झोपू शकलो नाही, हे खरे आहे. मागचे दार बंद झाले त्या दिवशी मला झोप लागली.

ज्या दारावर माणूस नाही, ते दार एकट्या म्हाताऱ्याला भीतिदायक वाटते. या भीतीला कोणी लगेच 'वर्गीय' म्हणू नये एवढीच विनंती आहे. शिवाय काही विपरीत घडले तर जबाबदार कोण, हा प्रश्न समितीला विचारला जातो, फाटक उघडे ठेवा म्हणणाऱ्यांना नव्हे. माझ्याकडे येणाऱ्या मावशी आता वळसा घालून येतात, वीस मिनिटे उशिरा येतात, आणि मी त्यांना त्याबद्दल कधी बोलत नाही.

गल्ली क्रमांक

सकाळची फेरी, तुमची भीती मी नाकारत नाही. माझी आई ज्या आजींकडे कामाला होती, त्याही एकट्याच होत्या. त्यांच्या घराची किल्ली अकरा वर्षे आमच्या घरात देवाच्या फळीवर ठेवलेली असे.

मी जनता वसाहतीत वाढले. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पर्वतीच्या उतारावर ही वसाहत आहे आणि तिथल्या गल्ल्यांना क्रमांक आहेत. पत्ता सांगताना आम्ही आधी गल्लीचा क्रमांक सांगतो. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडावे लागलेली कितीतरी कुटुंबे तिथे आहेत, माझे आजीआजोबा त्यांच्यापैकीच एक. माझी आई जवळच्या सुखवस्तू सहकारनगरच्या बाजूला चार घरची कामे करायची. आज मी संगणक अभियंता आहे आणि दीड वर्षापूर्वी आम्ही वसाहत सोडली.

श्रीमंत आणि गरीब वस्त्या शेजारी असतात म्हणजे काय, हे मला पाण्यावरून कळले. आमचे घर उतारावर बरेच वर होते, त्यामुळे नळाला दाब नसायचा. पहाटे चारला उठून मी आणि भाऊ खालच्या नळापासून कळशा वाहून आणत असू. पायऱ्या ९४ होत्या. भरलेली कळशी कंबरेवर असली की मोजणे आपोआप होते. सहाच्या सुमारास शेवटची खेप झाली की मी वर कठड्याशी बसायची. तिथून खालच्या सोसायट्यांच्या गच्च्या दिसत. टाकी भरून वाहू लागली की गच्चीच्या पन्हळीतून पाण्याची धार सुटायची आणि कोणी पंप बंद करेपर्यंत, कधीकधी अर्धा तास, ती धार तशीच पडत राहायची. खालून ती कोणाला दिसत नसेल, कारण तिथली माणसे तेव्हा झोपलेली असत. उंचावर राहणाऱ्याला ते दिसते. मला राग यायचा असेही नाही. मी फक्त बघायची, आणि ती धार किती कळशांची असेल याचा हिशेब करायची.

दुसरी गोष्ट पत्त्याची. पहिल्या नोकरीनंतर कर्जासाठी एका बँकेत गेले तेव्हा पगाराची पावती बघून कागद पुढे सरकले आणि पत्ता बघून थांबले. 'त्या भागात आम्ही देत नाही' एवढेच उत्तर मिळाले. सहकारनगरमध्ये राहणाऱ्या, माझ्याच कचेरीतल्या, माझ्याएवढाच पगार असलेल्या मैत्रिणीला त्याच आठवड्यात कर्ज मिळाले. आमच्या दोन घरांमधले अंतर चालत बारा मिनिटांचे होते.

धागाकर्तीताई, तुमच्या लिहिण्यामागची आस्था पोहोचली. पण एक वाक्य मला टोचले. फाटक बुजवले तर 'या सगळ्यांना' फिरून यावे लागेल, एवढेच तुम्ही म्हटले आहे. त्या फाटकातून तुमच्या सोसायटीची माणसे वस्तीकडे जात नाहीत का? आमच्या वसाहतीत तर खालच्या सोसायट्यांतून लोक दळण घेऊन येत, ब्लाउज शिवायला टाकत, गॅसची शेगडी दुरुस्त करून नेत, आणि स्वस्त पडते म्हणून गणपतीच्या आरासीचे सामान आमच्याच गल्लीतून घेत. फाटकाची गरज दोन्ही बाजूंना आहे. ते कोणी कोणावर केलेले उपकार नाहीत.

नकाशा

मी नगररचनेच्या कामात तीस वर्षे घालवली, म्हणून मूळ प्रश्नाच्या 'ते तिथे कसे आले' या भागाकडे वळतो.

शहराच्या नकाशावर वस्त्या कुठे आहेत ते पाहिले तर ओढ्याचे काठ, नदीची पूररेषा, टेकडीचा उतार, रेल्वेलगतची पट्टी आणि सार्वजनिक कामांसाठी राखून वर्षानुवर्षे ताब्यात न घेतलेल्या जमिनी, अशाच जागा दिसतात. या सगळ्या जागांवर कायदेशीर बांधकामाला मनाई असते किंवा ते परवडत नाही. त्याच वेळी या जागा चांगल्या भागांच्या पोटात असतात, कारण ओढा आणि टेकडी शहराच्या मधूनच जातात. पुण्यात टेकडीच्या उतारावर 'हिलटॉप-हिलस्लोप' म्हणून बांधकाम जवळजवळ निषिद्ध आहे. म्हणून तिथे सोसायटी होऊ शकली नाही आणि वस्ती झाली. शेजार असा घडतो. बांधता येण्याजोगी जमीन एकाकडे जाते आणि तिच्या कडेला उरलेली, कोणालाच नको असलेली जमीन दुसऱ्याकडे. कामाच्या जागेपासून चालत पोहोचता येईल असे घर गरीब माणसाला हवे असते, कारण बसचे भाडे आणि दोन तास त्याच्या रोजच्या हिशेबात बसत नाहीत. १९८५ मध्ये पदपथावरील रहिवाशांच्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच मान्य केले होते की राहण्याची जागा गेली की उपजीविका जाते आणि उपजीविका हा जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे. मात्र त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला, हे सहसा सांगितले जात नाही.

शासनाने काय केले? १९७१ साली झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास कायदा आला. १९७६ मध्ये मुंबईत झोपड्यांची गणना होऊन फोटोपास (झोपडीधारकांची छायाचित्र असलेली ओळखपत्रे) दिले गेले. १९९५ मध्ये अफझुलपूरकर समितीच्या शिफारशींनंतर मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण उभे राहिले आणि २००५ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडसाठी वेगळे प्राधिकरण झाले. योजनेचा गाभा सोपा आहे. विकासकाने झोपडीधारकांना फुकट घरे बांधून द्यायची आणि त्या बदल्यात मिळालेल्या वाढीव चटईक्षेत्रावर (म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीवर) विक्रीची इमारत उभी करायची. घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांवर आले. पात्रतेची तारीख (झोपडी तिच्याआधीची असायला हवी) १ जानेवारी १९९५ वरून १ जानेवारी २००० झाली, आणि नंतर २०११ पर्यंतच्या लोकांना पैसे भरून घर घेण्याची सोय झाली.

या योजनेत जे घडते ते या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. विक्रीची इमारत आणि पुनर्वसनाची इमारत एकाच भूखंडावर येतात. भूखंडाची रस्त्याकडील बाजू विक्रीच्या इमारतीला मिळते. पुनर्वसनाची इमारत मागे, दोन इमारतींमध्ये जेमतेम काही मीटर जागा ठेवून, उभी राहते. मग दोघांमध्ये भिंत बांधली जाते आणि दोन वेगळी प्रवेशद्वारे ठेवली जातात. आडवी झोपडपट्टी उभी होते, एवढाच काय तो फरक पडतो. मी अशा आराखड्यांवर सह्या केलेल्या आहेत. नियमात बसत होते म्हणून केल्या. दोन इमारतींतील भिंतीबाबत त्या वेळी नियम मला काही विचारत नव्हता आणि मीही विचारले नाही, याची आज खंत वाटते.

गिरणगावकर

नकाशा यांच्या प्रतिसादाला एक जोड देतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याच्या) चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. एकूण २०७ चाळी, त्यांपैकी १२१ वरळीत. खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. म्हाडाच्या पुनर्विकासात यांतल्या पहिल्या तीन ठिकाणच्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे ठरली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. माझी आत्या वरळीच्या चाळीतच राहते, तिच्या इमारतीची पाळी अजून यायची आहे. घर मिळणार याचा तिला अतोनात आनंद आहे. पण उद्वाहक, पंप, रंगरंगोटी यांचा मासिक खर्च निवृत्तिवेतनाविना कसा पेलणार, ही चिंता ती प्रत्येक भेटीत बोलून दाखवते. चाळीत पैसे कमी पडले तर शेजारचे घर उघडे असायचे. तिथे दार लावून घ्यायची सवय लागेल, असे ती म्हणते.

टेम्सकाठ

मी मूळची कोल्हापूरची, गेली १९ वर्षे लंडनमध्ये आहे. नकाशा यांनी सांगितलेली दोन प्रवेशद्वारे वाचून थांबले, कारण इथे त्यांना नावच आहे. 'गरिबांचे दार' या अर्थाचा शब्द वृत्तपत्रांत रूढ झालेला आहे. नव्या इमारतीत काही घरे परवडणाऱ्या दरात ठेवणे इथे विकासकांवर बंधनकारक असते. मग त्या घरांना बाजूच्या गल्लीतून वेगळे दार दिले जाते आणि झगमगत्या दर्शनी दालनात त्यांना प्रवेश नसतो. २०१९ मध्ये लॅम्बेथ भागातील एका संकुलातले मुलांचे मैदान भाडेकरूंच्या मुलांना बंद असल्याचे उघड झाले. मध्ये कुंपण आणि झुडपांची रांग होती. मालकीच्या घरांतील पालकांनीच इतर मुलांच्या बाजूने आवाज उठवला, हे मला महत्त्वाचे वाटते.

ग्रेनफेल टॉवरचे नाव अनेकांनी ऐकले असेल. केन्सिंग्टन आणि चेल्सी हा लंडनच्या सर्वांत श्रीमंत भागांपैकी एक. त्याच्याच उत्तर टोकाला नगरपालिकेची ही २४ मजली इमारत होती. २०१५-१६ च्या नूतनीकरणात तिला बाहेरून नवे आवरण बसवले गेले. उष्णता टिकावी हा हेतू होताच, पण शेजारच्या भागातून ती इमारत बरी दिसावी हेही कारण कागदोपत्री नोंदलेले होते. १४ जून २०१७ च्या रात्री त्याच आवरणाने आग वरपर्यंत नेली आणि ७२ माणसे गेली. शेजाऱ्याच्या नजरेला बरे वाटावे म्हणून गरिबांच्या घरावर जे चढवले, ते चढवताना आत राहणाऱ्यांच्या जिवाचा विचार झाला नाही. त्या इमारतीजवळून मी अनेकदा जात असे.

ओढ्याकाठी

सर्वांचे मनापासून आभार. गल्ली क्रमांक, तुमचे म्हणणे मी मान्य करते. मी स्वतः गेली पंधरा वर्षे त्याच फाटकातून दळण नेते आहे आणि मूळ लेखात ते लिहिण्याचे मला सुचले नाही.

सकाळची फेरी, भिंतीने सुरक्षितता येते हे तुमचे म्हणणे मी समजून घेते, पण २०१९ सालाने मला दुसरे काही शिकवले. त्या वर्षी २९ जूनच्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत कोसळली आणि तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत झोपलेले मजूर व त्यांची मुले मिळून १५ जण गेले. त्यांतले बहुतेक बिहारचे होते आणि शेजारच्या बांधकामावर राबत होते.

तीन महिन्यांनी, २५ सप्टेंबरच्या रात्री, आंबील ओढ्याला पूर आला. कात्रजच्या डोंगरापासून दांडेकर पुलापर्यंत हा ओढा श्रीमंत आणि गरीब अशा दोन्ही वस्त्यांमधून जातो आणि वाटेत सगळ्यांनीच त्याचे पात्र थोडे थोडे खाल्लेले आहे. वस्तीने झोपडीएवढे खाल्ले, सोसायट्यांनी वाहनतळाएवढे. पेशव्यांच्या काळात या ओढ्याचा प्रवाह मुद्दाम वळवला होता. आपण तो न वळवता फक्त चेपत गेलो. त्या रात्री अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसे गेली. पुण्यात आणि आसपास मिळून वीसहून अधिक बळी गेले.

आमच्याकडे रात्री साडेदहानंतर मागून आरडाओरडा ऐकू आला. वस्तीत कंबरेएवढे पाणी होते आणि आमच्या दगडी भिंतीमुळे ते अडून चढत होते. फाटकाला कुलूप होते. किल्ली पुढच्या दारावरच्या वॉचमनकडे, आणि तो गुडघाभर पाण्यातून येईपर्यंत आम्ही चौघे-पाच जण त्या गजांशी उभे होतो. पलीकडून आमच्या पोळ्यावाल्या सुनंदाताईंनी (नाव बदलले आहे) गजांमधून त्यांच्या नातीला वर धरले होते. मुलगी आत येऊ शकेल एवढे अंतर गजांत नव्हते. तिचे दोन्ही हात मी धरून ठेवले होते, एवढेच मला करता आले. किल्ली आली, कुलूप उघडले, आणि त्या रात्री आमच्या जिन्यांत ऐंशीच्या वर माणसे बसून होती. पाणी आमच्याही तळमजल्यांत शिरले, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या.

त्या रात्री तिथे फाटक नसते आणि विटा असत्या, तर काय झाले असते, हे मी सभेत सांगणार आहे.

सकाळची फेरी

हे मला ठाऊक नव्हते. माझे घर वेगळ्या भागात असल्यामुळे त्या रात्रीची झळ आमच्यापर्यंत पोहोचली नव्हती. तुमच्या सभेत माझ्यासारखे म्हातारे असतील, त्यांच्याशी आधी घरी जाऊन बोला. सभेत सगळ्यांसमोर भीती कबूल करणे कठीण जाते आणि मग माणूस नुसते मत देऊन मोकळा होतो. फाटकावर माणूस ठेवण्याचा खर्च प्रत्येक घरामागे किती येतो, तो आकडा घेऊन जा. माझ्यासारख्याला त्याने फरक पडला असता.

गल्ली क्रमांक

आणि घरकामगारांच्या प्रतिनिधींना सभेला बोलावता येईल का, हेही पाहा. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी आपणहून संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ पासून आहे आणि तिच्यातूनच पुढे कचरावेचकांची सहकारी संस्था होऊन २००८ मध्ये तिचा महापालिकेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार झाला. या स्त्रिया आपली बाजू नीट, मुद्देसूद मांडतात. त्यांना मत नसेल, पण त्यांच्या रस्त्याचा निर्णय त्यांच्यासमोर तरी व्हावा.

ओढ्याकाठी

सभा काल झाली. सकाळची फेरी यांच्या सल्ल्याप्रमाणे मी आधी एकवीस घरी जाऊन आले. त्यांपैकी आठ घरांत माणसे एकटी राहतात. त्यांपैकी पाच जणांनी भीती बोलून दाखवली आणि दोघांनी सांगितले की फाटक बंद झाले तर त्यांच्याकडे येणाऱ्या बाई काम सोडणार आहेत, त्याचीही त्यांना तेवढीच भीती आहे. सुनंदाताई आणि कचरा उचलणाऱ्या दोघींपैकी थोरली, अशा दोघी सभेला आल्या. त्यांना बोलू द्यावे की नाही यावर वीस मिनिटे गेली. शेवटी थोरल्या बहिणीला बोलू दिले. ती म्हणाली, 'पुराच्या रातीला कुलूप नव्हतं पाहिजे.' बाकी काही बोलली नाही.

ठराव ५८ विरुद्ध ६३ मतांनी फेटाळला गेला. फाटक सकाळी सहा ते रात्री नऊ उघडे राहील, तिथे स्वतंत्र रखवालदार बसेल, एक किल्ली फाटकाजवळच्या पहिल्या इमारतीत आणि एक वस्तीतल्या अंगणवाडीच्या ताईंकडे राहील. येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंदवही ठेवायची असेही ठरले. ती फक्त आत येणाऱ्यांची असावी असा आग्रह होता. मी गल्ली क्रमांक यांचे म्हणणे पुढे ठेवून दोन्ही बाजूंची नोंद मागितली आणि ते मान्य झाले.

आज पहिल्या दिवसाची वही संध्याकाळी पाहिली. एकूण ७१ नोंदी होत्या. त्यांपैकी २६ सोसायटीतून पलीकडे जाणाऱ्यांच्या. कारणाच्या रकान्यात दळण नऊ वेळा होते, शिलाई चार वेळा, पंक्चर तीन वेळा, आणि एका नोंदीत, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या हस्ताक्षरात, 'सुनंदाची नात आजारी आहे' असे लिहिलेले होते. उंबऱ्याची फरशी बदलण्याचा विषय सभेत निघाला नाही. आज दुपारी सर येऊन गेली, तेव्हा त्या खळग्यात पाणी साचले होते.